मिसाळ साहेबांचा लाल दिवा

मिसाळ साहेब आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी चहाच्या आधी पाण्याचा तांब्या मागितला. बायकोला वाटलं, तहान लागली असेल. साहेबांनी सफारीच्या खिशातून पेनाएवढं यंत्र काढलं, टोपण उघडून त्याचं टोक तांब्यात बुडवलं आणि छोट्या काचेत उमटलेला, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा वाचला. "सतराशे," ते म्हणाले. "बोरचं पाणी पिता व्हय, टायमकीपर? आमच्या मळ्यातल्या विहिरीचं सहाशेच्या वर कधी गेलं न्हाई." मग दोन कप चहा प्यायले आणि गेले. त्यानंतर आठवडाभर बायकोने घरात त्यांचं नाव काढू दिलं नाही.

मी एका सहकारी साखर कारखान्यात टाइमकीपर होतो आणि मिसाळ साहेब इन्स्ट्रुमेंट विभागाचे प्रमुख. कारखान्यात जिथे जिथे पाणी, वाफ, उष्णता किंवा दाब मोजायचा तिथली यंत्रं त्यांच्या ताब्यात. पाटोद्याकडचं मोठं शेतकरी घराणं, अंबाजोगाईला शिक्षण, बोटात सोन्याची अंगठी, अंगावर कडक इस्त्रीची सफारी. गुडघे दुखायचे म्हणून चालणं सावकाश, पण तेही लोकांना रुबाबाचंच वाटे. कॉलनीत आमची क्वार्टर भिंतीला भिंत लागून होती. माणूस गर्विष्ठ होता हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यानंतर लोक त्यांना एकतर देव करतात नाहीतर वेडा, आणि ते दोन्ही नव्हते.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पाण्याचे आकडे राहत. कॉलनीतल्या एकाने मुलीचं स्थळ ठरवलं तेव्हा साहेबांनी गाव विचारलं आणि म्हणाले, "सातशेचं गाव हाय. द्या पोरगी, दात टिकतील." एकदा आम्ही सगळे कपिलधारला गेलो होतो. पाऊस कमीच झालेला, धबधबा बारीक झालेला. बायका देवळाकडे निघाल्या, पोरं पाण्याखाली शिरली, आणि साहेब एका दगडावर उकिडवे बसून पेन बुडवत होते. आकडा पाहून त्यांनी डोळे मिटले, आधी त्या धारेला हात जोडले आणि मग देवळाकडे वळले. "एवढं चांगलं पाणी जिल्ह्यात दुसरीकडं न्हाई," म्हणाले. माझी बायको हसली, पण मला त्या वेळी हा माणूस पहिल्यांदा आवडला.

त्यांचं खरं राज्य होतं रस आटवायच्या टाक्यांपाशी. उसाचा रस तिथे वाफेवर उकळतो, त्यातून निघालेली वाफ थंड झाली की तिचं पुन्हा पाणी होतं, आणि हे गरम, स्वच्छ पाणी बॉयलरला परत जातं. त्या नळीत साहेबांनी एक सेन्सर बसवला होता. नळाच्या तोटीएवढा तुकडा आणि त्याच्या टोकाला शेजारी शेजारी दोन काळ्या कांड्या. एका कांडीतून दुसरीकडे बारीकशी वीज जाते आणि पाणी तिला किती वाट देतं ते मीटरच्या काट्यावर दिसतं. निव्वळ पाणी वाट देतच नाही म्हणा. कामगार त्या तुकड्याला मिसाळची जीभ म्हणत. साहेबांच्या कानावर ते होतं आणि त्यांना ते आवडायचंही.

एकदा नवे संचालक कारखाना बघायला आले. साहेबांनी टेबलावर काचेचा ग्लास ठेवला, वाफेचं पाणी ओतलं, दोन वायरी सोडल्या आणि बटण दाबलं. वायरीला जोडलेला बल्ब लागला नाही. त्यांनी पाण्यात चमचाभर साखर विरघळवली. बल्ब तसाच. एक संचालक हसून म्हणाले, "मग तुमचा मीटर काय कामाचा, मिसाळ? साखर पाण्यात गेली तरी त्याला पत्ता न्हाई." साहेबांनी ऊस टाकायच्या गव्हाणीकडून आणलेला कच्चा रस त्यात ओतला आणि बल्ब मिणमिणला.

"साखर गप बसती, सायब," ते म्हणाले. "पण रसात जमिनीतले क्षार असतात, ते गप बसत न्हाईत. टाकीची नळी फुटली, रस पाण्यात शिरला, की क्षार बोलतात. ते बोलले की त्या पाण्याला बॉयलरचं तोंड बघू द्यायचं न्हाई. तिथं साखर जळती, नळ्यांच्या आत काळा थर बसतो, अन् मग नळी फाटती."

"फाटली तर?"

"तर जवळ कोण उभं हाय त्याच्यावर हाय," साहेब म्हणाले आणि वायरी गुंडाळू लागले. त्यानंतर संचालक मंडळातलं कोणी हसलं नाही.

काटा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की दोन गोष्टी आपोआप व्हायच्या. एक झडप उघडून ते पाणी बॉयलरऐवजी बाहेरच्या नालीत जायचं, आणि भिंतीवर लाल दिवा लागायचा. साहेबांनी तो दिवा बाहेरच्या भिंतीवर, उंचावर लावून घेतला होता. चेअरमनच्या गाडीवर शोभला असता त्याच्या दुप्पट. कुठूनही दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

आणि तो दिसायचा. भिंतीच्या पलीकडे ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्या होत्या आणि नाली त्यांच्या पुढ्यातून जायची. झडप उघडली की नालीतून गरम पाणी वाहत यायचं. पोरं ओरडायची, "दिवा लागला," आणि बाया हंडे घेऊन धावायच्या. गार करून त्यात धुणं, आंघोळी, बैलांचं पाणी सगळं व्हायचं. बाया त्याला सायबाचं पाणी म्हणत. साहेबांना हे मी सांगितलं तेव्हा ते खुलले. मला मात्र ते कधी बरं वाटलं नाही. आत ज्या दिव्याने माणसं घाबरायची त्याच दिव्याने बाहेर माणसं हसत होती.

या सगळ्यात साहेबांच्या हाताखाली गोरख होता. वय तिशीच्या पुढचं, स्वतः ऊसतोडीच्या घरातला, थोरली बहीण शेवंता अजून त्याच कोप्यांमध्ये. गोरख कित्येक हंगाम साहेबांबरोबर होता आणि इतक्या हंगामांत त्याला फक्त पाना धरायला मिळाला होता. सेन्सरकडे हात गेला की साहेब म्हणायचे, "हात लावू नको बे." त्याने विचारलं, "साहेब, ह्ये कसं चालतं?" तर उत्तर ठरलेलं, "शिकून काय करणार हायेस? मी हाय ना." मी एकदा बोललो त्यांना. म्हटलं, साहेब, तुम्ही आजारी पडलात तर? ते म्हणाले, "मी आजारी पडत न्हाई." विषय संपला.

हंगामाच्या मध्ये टाक्या घासायला कारखाना थांबवतात. पुन्हा सुरू करताना यंत्रांची पूजा होते, नारळ फुटतो. साहेब त्या दिवशी सगळ्यांदेखत सेन्सर बाहेर काढायचे, त्या दोन कांड्या धुऊन कोरड्या करायचे, मग वरच्या नटाला हळदकुंकवाचं एक बोट लावून, डोळे मिटून, तो परत बसवायचे. माणसं भोवती उभी राहून बघत. साहेबांचं अंग जमिनीपासून वीतभर वर गेल्यासारखं वाटायचं. गोरख आरतीचं ताट धरून मागे उभा असे.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. धरणात चिखल उरला, कारखान्याला येणारी पाइपलाइन बंद पडली. ऊस कमी होता, होता तोही वाळत चाललेला, आणि चेअरमननी ठरवलं होतं की दुष्काळात कारखाना चालवून दाखवायचाच. पाणी कुठून? उसातूनच. रसातून निघालेल्या वाफेचं पाणी हेच आता बॉयलरचं पाणी, दुसरं थेंबभर नाही. आणि त्याच वर्षी जुन्या टाक्या गळायला लागल्या. लाल दिवा दोन-चार दिवसांआड लागायचा. कोप्यांत आनंद आणि ऑफिसात रडारड.

चेअरमननी साहेबांना बोलावलं. हजेरीचे कागद घेऊन मी तिथेच होतो.

"मिसाळ, ती रेषा वर सरकवा."

"न्हाई सरकत, आबा."

"कावून न्हाई सरकत? तुमचा दिवा लागतो अन् माझं पाणी नालीत जातं. बॉयलरला पाणी न्हाई म्हून गाळप थांबतं. यार्डात गाड्या उभ्या हायेत. तोडणीवाल्यांना काय सांगू, मिसाळचा दिवा लागला म्हून घरी जा?"

"नळ्या फुटल्यात त्या टाकीच्या. त्या बदला, दिवा आपसूक बंद व्हतो."

"नळ्या हंगाम संपल्यावर."

"मग दिवा बी हंगाम संपल्यावर," साहेब म्हणाले. एवढा उर्मटपणा करायची गरज नव्हती असं मला तेव्हाही वाटलं, पण हा माणूस खरं बोलतानासुद्धा समोरच्याला खाली बघायला लावल्याशिवाय राहत नसे. संध्याकाळच्या आत त्यांच्या सक्तीच्या रजेचा हुकूम निघाला. फाटकावर सांगून ठेवलं, मिसाळला आत सोडायचं नाही. ते घरी आले, व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि तिथून भिंतीवरच्या दिव्याकडे तोंड करून बसले.

पुढच्या सफाईनंतर कारखाना सुरू झाला. पूजा झाली असं मी ऐकलं. आणि दिवा लागायचा थांबला.

एक दिवस गेला, दोन गेले. काटा एकदम तळाशी, पाणी इतकं स्वच्छ की विचारू नका. चेअरमन ऑफिसात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, मिसाळ गेला अन् पाणी सुधारलं." पाण्यातली साखर हाताने तपासायचं लॅबमधलं औषध कधीच संपलं होतं, मागणी पडून होती, पण मीटर चांगलं सांगतोय म्हटल्यावर कोणाला घाई? मी संध्याकाळी ही बातमी साहेबांना दिली. मला वाटलं, चिडतील. ते दिव्याकडे बघत सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "फुटकी नळी आपसूक जुळत न्हाई, टायमकीपर." मी घरी गेलो. बायकोला म्हटलं, पोरांना दोन दिवस कारखान्याच्या बाजूला खेळायला पाठवू नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता डोक्यावर हंडा घेऊन कॉलनीत आली. साहेबांच्या पायरीवर तिने तो उतरवला.

"सायब, दिवा कावून लागंना? आमाला पाणी न्हाई. बॉयलरच्या तळातून रोज जरासं सोडतात, त्ये भरून आणलं. बैल तोंड लावीनात त्याला. बघा तुमीच."

पाणी चहासारखं तांबूस होतं. साहेबांनी खिशाकडे हात नेला, पण पेन काढलं नाही. हंड्यावर वाकून वास घेतला. मीही घेतला. करपलेल्या गुळाचा वास होता. साहेबांच्या तोंडावरचा रंग माझ्या देखत गेला.

त्यांनी एक बाटली भरून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चीफ इंजिनिअरला द्या. म्हणावं, साखर बॉयलरमधी गेली. आग काढा." मी धावत गेलो. चीफ इंजिनिअरने बाटली उजेडात धरली, मग मीटरकडे बोट दाखवलं. काटा तळाशी. "कोप्यातल्या हंड्यात गूळ ठेवला असंल कुणीतरी," ते म्हणाले. "दिवा लागला का? न्हाई ना?" यार्डात गाड्यांची रांग फाटकापर्यंत होती आणि चेअरमन रोज विचारत होते. बाटली टेबलावर ठेवून त्यांनी मला जायला सांगितलं.

मी परत आलो तोवर साहेब निघाले होते. फाटकाने नाही, कोप्यांच्या बाजूने, नालीच्या तोंडातून. इस्त्रीच्या सफारीत तो माणूस चिखलातून गुडघ्यांवर आत शिरला. मी मागोमाग गेलो. टाक्यांपाशी गोरख एकटाच होता. साहेबांना पाहून त्याचा चेहरा फुलला.

साहेबांनी दोन्ही बाजूंचे कॉक बंद केले, पाना घेतला आणि सेन्सर बाहेर काढला. त्या दोन काळ्या कांड्या दिसतच नव्हत्या. दोन्हीवर शेंदूर होता, तेलात कालवून मारुतीला माखतात तसा जाड माखलेला. गरम पाण्यानेही तो सुटला नव्हता, उलट घट्ट बसला होता. पाणी कांड्यांना लागतच नव्हतं. तिथे रस आला काय आणि विष आलं काय, काटा हलणार नव्हता.

"ह्ये कुणी केलं?"

"मी, सायब," गोरख म्हणाला. "तुमी नव्हते म्हून पूजा मीच केली. दिवा लागावा म्हून चांगला माखला. कोप्यातली लेकरं पाण्याला तरसलीत."

साहेबांचा हात वर गेला. मला वाटलं, आता मारतात. हात तसाच राहिला. "मी फकस्त नटाला लावायचो, बे," ते म्हणाले. "कांड्यांना कधी बोट लावलं का मी?"

"आमाला काय म्हाईत, सायब. तुमी कवा जवळ येऊ देलं?"

गोरख उद्धटपणे बोलला नाही. त्याने खरोखरच विचारलं होतं. साहेबांनी हात खाली घेतला, रॉकेलचा बोळा घेऊन कांड्या पुसायला सुरुवात केली, मग सफारीच्या टोकाने कोरड्या केल्या. सेन्सर परत बसवला, कॉक उघडले. काटा एका झटक्यात दुसऱ्या टोकाला जाऊन आदळला आणि तिथेच थांबला. झडप उघडल्याचा दणका बसला. बाहेर, उन्हात, लाल दिवा लागला असणार, कारण भिंतीपलीकडून पोरांचा गलका ऐकू आला, "दिवा लागला, दिवा लागला," आणि हंडे एकमेकांवर आपटल्याचे आवाज.

"गोरख, पळ," साहेब म्हणाले. "बॉयलरवर सांग, आग काढा अन् समदे लांब व्हा. पळ बे, माझ्या गुडघ्यांनं व्हनार न्हाई."

गोरख पळाला. त्याने सांगितलं, हे मला नंतर बॉयलरवरच्या माणसांनीच सांगितलं. एकेकाला हाताला धरून त्याने बाहेर ढकललं. सगळ्यांत शेवटी तो स्वतः दारात होता तेव्हा आतली नळी फाटली. आम्हाला आवाजाआधी जमीन हादरलेली कळली. मग सगळीकडे पांढरी वाफ, आणि त्या वाफेत कोणाचातरी ओरडा, जो लगेच थांबला. साहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझा दंड धरला होता, त्याचे वळ पुढे कितीतरी दिवस राहिले.

गोरखला अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरांनी सगळं केलं, पण तो त्यातून उठला नाही. बाकी कोणालाही फारशी इजा झाली नाही. कारखान्याच्या चौकशीत असं ठरलं की रजेवरच्या अधिकाऱ्याने परवानगीशिवाय आत शिरून यंत्राशी छेडछाड केली आणि त्यानंतर दुर्घटना घडली. माझाही जबाब झाला. मी शेंदराचं सांगितलं, करपलेल्या वासाचं सांगितलं, आणि त्यातलं काहीच पुढे आलं नाही. मला आजही त्याचा संताप आहे. साहेबांनी स्वतःच्या बाजूने एक शब्द काढला नाही. ज्याला आयुष्यभर आपलंच म्हणणं खरं करायचं होतं, तो खरं असताना गप्प बसला.

कोप्या मोडायच्या दिवशी ते शेवंताला भेटायला गेले. मी बरोबर होतो. त्यांनी काहीतरी बोलायचं ठरवलं असावं, पण ती आधी बोलली. भांडली नाही. सामान बांधता बांधता म्हणाली, "दिवा लागला तवा आमी हंडे घेऊन हसत पळालो, सायब. माझा भाऊ तिकडं पळत व्हता, अन् आमी इकडं." साहेब तिथेच नालीच्या काठावर खाली बसले. मी उठवायला गेलो तर त्यांनी हाताने नको म्हटलं.

त्यानंतर ते गावी गेले. कारखाना पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी चालवायला घेतला, मी नोकरी सोडली. एकदा कामासाठी पाटोद्याला गेलो होतो, बाजाराचा दिवस होता. उन्हाळा तापलेला, टँकरभोवती घागरींची गर्दी. रस्त्याच्या कडेला पोत्यावर एक म्हातारा बसला होता, चुरगळलेल्या सफारीत, समोर काचेचा ग्लास, दोन वायरी, एक बॅटरी आणि खेळण्यातला लाल दिवा. भोवती दोन-तीन माणसं वाकून बघत होती, काही विकायला बसलाय असं समजून.

"हात लावा," साहेब त्यांना म्हणत होते. "लावा, काय व्हत न्हाई. ह्या कांड्या अशा कोरड्या ठेवायच्या. तेल न्हाई, शेंदूर न्हाई, काई न्हाई. तुमी धरा." एकाने वायरी धरल्या. साहेबांनी त्याची बोटं आपल्या हाताने नीट केली. बोटातली अंगठी दिसली नाही.

मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं की नाही कळलं नाही. टँकरवरून भरलेल्या घागरीतलं पाणी कोणीतरी ग्लासात ओतलं. साहेबांनी मिठाची पुडी उघडली. चिमूट अजून बोटांतच होती, तोवर टँकरच्या पाण्यातल्या क्षारांनीच तो लाल दिवा आपसूक लागला.

साहेब दचकले. बाया घागरी घेऊन टँकरकडे चालल्या होत्या, त्यांच्याकडे बघून ते हळू आवाजात म्हणाले, "लागला की पळायचं. पाण्याकडं न्हाई, लांब." कोणी थांबलं नाही. ग्लासाजवळचा दिवा तसाच लागून राहिला होता.